तराजूतील मांस

शिबी राजाची कथा ज्याने लहानपणी ऐकली नाही असा वाचक विरळा. ससाण्याच्या भयाने थरथरणारे कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, मागोमाग ससाणा येतो आणि आपले भक्ष्य मागतो. शरणागताला न टाकण्याचे ब्रीद आणि भुकेल्याची मागणी या दोहोंच्या कचाट्यात सापडलेला राजा अखेर तराजू मागवतो व कबुतराच्या भारंभार आपल्या अंगचे मांस कापून पारड्यात घालू लागतो. महाभारताच्या वनपर्वात ही कथा उशीनर राजाच्या नावावर येते, अन्यत्र ती त्याचा पुत्र शिबी याच्या नावावर आहे. बौद्ध परंपरेनेही ती आपलीशी केली आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या भिंतीवर ती रंगविली गेली. इतकी दूरवर पसरलेली ही कथा बहुधा एकाच अंगाने सांगितली जाते : राजा किती दयाळू! ऐकणाऱ्याच्या मनात कबुतर राहते, राजा राहतो. ससाणा तेवढा दुष्ट ठरतो. शेवटी तो इंद्र निघतो म्हणून त्याला माफी मिळते, इतकेच.

वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला ही कथा थोडी निराळी दिसते. वनपर्वातील प्रसंगात ससाण्याला बोलावयास भरपूर अवसर दिलेला आहे, आणि तो बोलतोही एखाद्या मुरलेल्या वकिलासारखा. अन्नावाचून मी मरेन, माझ्यामागे माझी बायकापोरे मरतील. एकाला वाचविण्यासाठी तू अनेकांना मारतो आहेस, हा त्याचा पहिला मुद्दा. दोन धर्म एकमेकांच्या आड येऊ लागले तर त्यांतला खरा कोणता मानावयाचा, हा प्रश्न राजाला विचारतो तोही ससाणाच. राजा त्याला क्रूर म्हणून हाकलून देत नाही. तो तडजोड सुचवतो : बैल घे, डुक्कर घे, हरीण घे, रेडा घे. ससाणा ती नाकारतो. कबुतरावर तुझे एवढे प्रेम असेल तर तुझ्याच अंगचे मांस दे, असे त्याचे म्हणणे पडते, आणि राजा ते मान्य करतो.

या नकाराकडे पुराणिकांचे लक्ष फारसे गेलेले आम्हांस आढळले नाही. आमच्या मते मात्र सगळ्या कथेचे मर्म तेथे आहे. राजाची पहिली सूचना ही दुसऱ्याच्या मांसाने आपली दया विकत घेण्याची सूचना होती. बैलाला कोणी विचारले होते? ससाण्याने तराजू राजाच्या अंगणात आणून ठेवला आणि मग दयेची किंमत दयाळूलाच मोजावी लागली. हा निवाडा आजच्या आपल्या शहरांना लावून पाहिला तर काय दिसते, हा आमच्या या लेखाचा विषय आहे.

वडोदऱ्याच्या पूर्वेस वाघोडिया हे तालुक्याचे गाव आहे. नावातला वाघ केव्हाच गेला. आता गावाची ओळख तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आहे. याच तालुक्यात आजव्याचा तलाव, जो सयाजीराव महाराजांनी वडोदरा शहराला पाणी मिळावे म्हणून बांधविला. तेथील न्यायालयात कामानिमित्त आमचे जाणे होते, आणि तारखेची वाट पाहत बसलेल्या वकिलाला आकाशाकडे पाहण्यास जितका वेळ मिळतो तितका फार थोड्यांना मिळत असेल. शेतांवरून जाणाऱ्या तारांवर कापशी बसलेली असते, उंदराच्या चाहुलीने जागच्या जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबते आणि दगडासारखी खाली येते. गावाकडे सरकले की कापशी संपते आणि घार सुरू होते. बाजार, मटणाची दुकाने, उकिरडे, कारखान्यांची उपाहारगृहे असा तिचा ठरलेला फेरा. वसाहतीच्या पत्र्याच्या छपरांवर ऊन तापले की वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता पंधरा-वीस घारी फिरताना दिसतात. ज्यांना हे दृश्य रिकामे वाटते त्यांनी एकदा घारीच्या नजरेने खाली पाहावे. तिच्या खाली पसरलेले शहर म्हणजे एक पानच आहे : कोणी काय टाकले, कोठे टाकले, त्यावर कोण जमले, आणि जमलेल्यांत कोण लंगडा आहे.

आपल्या संतांना घार दिसली ती आई म्हणून. जनाबाईने पिलांत गुंतलेल्या तिच्या चित्ताची उपमा दिली ती आजही घरोघर म्हटली जाते. परंतु तिच्या पोटाचा विचार संतांनीही केला नाही, आणि नागर लोकांनी केला तो फक्त तिरस्काराने. वस्तुतः शहरातील शिकारी पक्षी आकाशातून आलेले उपरे नाहीत. आपण धान्य सांडतो म्हणून उंदीर आणि कबुतरे वाढतात. ती वाढतात म्हणून घुबड, शिक्रा आणि उंच इमारतींच्या कड्याकपारींवर हिवाळ्यात येऊन बसणारा बहिरी ससाणा यांना पोट भरता येते. आपण मांसाचे तुकडे, माशांची डोकी, मेलेली जनावरे उघड्यावर टाकतो म्हणून घार राहते आणि एके काळी गिधाडे राहत. आपल्या पंक्तीची शेवटची पाने त्यांच्यासाठी मांडलेली असतात. वाढणाऱ्याला त्याची जाणीव नसते, इतकेच.

गुजरातेत गावोगाव चबुतरा असतो, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी उभारलेला खांबावरचा मनोरा. कित्येक चबुतऱ्यांचे नक्षीकाम पाहून थक्क व्हावे. वाघोडिया तालुक्यातल्याच एका गावी, साक्षीदाराच्या घराचा शोध करीत असताना, आम्ही अशा एका चबुतऱ्याखाली थोडा वेळ उभे होतो. शेजारच्या कडुनिंबातून एक शिक्रा बाणासारखा सुटला आणि दाणे टिपणाऱ्या होल्यांतला एक उचलून पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. क्षणात आरडाओरडा झाला. पोरांनी दगड मारले, एका वृद्ध गृहस्थांनी काठी उगारली, आणि शिक्रा आपली शिकार टाकून उडून गेला. होला तोवर मेलेला होता. त्या सज्जन गृहस्थांनी हळहळत तो उचलला आणि खड्डा करून पुरला. दयेची ही संपूर्ण कृती आम्ही डोळ्यांनी पाहिली आणि तीत कोणाचे काय साधले हे आम्हांस आजतागायत उमगले नाही. होला वाचला नाही. शिक्रा उपाशी राहिला. आणि संध्याकाळपर्यंत त्याने दुसरा होला मारला असणार यात संशय नाही. न्यायालयात अशाला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात : एक पक्ष हजर, दुसऱ्याला नोटीसच बजावलेली नाही.

दाणे टाकणे हे तर पुण्यकर्म, त्यात वाईट काय, असे कोणी विचारील. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून जो वाद झाला तो या प्रश्नाचे उत्तर देण्यास पुरेसा आहे. शासनाने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे ठरविले, दादरचा प्रसिद्ध कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एका बाजूस श्रद्धेने दाणे टाकणारे, दुसऱ्या बाजूस कबुतरांच्या विष्ठेने श्वसनाचे विकार जडतात म्हणून तक्रार करणारे. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले-बोलले गेले. त्या सगळ्या कोलाहलात कबुतरे इतकी वाढली याचे एक कारण, त्यांना खाणाऱ्याला आपण शहरात जागा ठेवली नाही, हे आहे, असे म्हणणारा आवाज आम्हांस तरी क्वचितच ऐकू आला.

उलट बाजूचे उदाहरण दिल्लीचे आहे. तेथे कित्येक मुसलमान कुटुंबांत संकटनिवारणार्थ मांसाचे तुकडे घारींना घालण्याची, सदक्याची रीत आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेथील घारींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. काही भागांत दर चौरस किलोमीटरला सरासरी सुमारे १५ घरटी त्यांना आढळली, आणि शिकारी पक्ष्यांची इतकी दाट वस्ती जगात क्वचितच कोठे असेल. घरट्यांची जागा ठरविताना घारी या वस्त्यांच्या सान्निध्याला महत्त्व देतात, हेही दिसले. आणि जेथे माणसाकडून अन्न अधिक मिळते तेथे पिले असलेल्या घारी माणसांवर अधिक झडप घालतात, हेसुद्धा दिसले. कबुतराला दाणे घालणारा आणि घारीला मांस घालणारा हे दोघे एकमेकांच्या भक्तीकडे संशयाने पाहत असतील, पण त्यांची वृत्ती एकच. देणाऱ्याला पुण्य पाहिजे असते; घेणाऱ्याचे पुढे काय होते आणि त्याच्या शेजाऱ्याचे काय होते, हे त्या पुण्याच्या हिशेबात येत नाही.

दिल्लीतच लाल किल्ल्यासमोर जैन समाजाचे पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. अशी संस्था जगात विरळा, आणि तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना ठेवून घेतात. मांसाहारी पक्ष्यावर उपचार करतात, पण त्याला आत ठेवीत नाहीत, कारण त्याला मांस चारावे लागेल. या नियमात ढोंग नाही. अहिंसेचे व्रत जो प्रामाणिकपणे पाळतो त्याने आपल्या व्रताची सीमा कोठे आहे हे उघड सांगितले आहे. त्या सीमेपलीकडल्या घारींसाठी वझिराबादच्या मोहम्मद सऊद आणि नदीम शहजाद या बंधूंनी आपल्या घरातच दवाखाना थाटला, आणि २०२२ साली त्यांच्यावर निघालेल्या बोलपटामुळे जगाला त्यांची ओळख झाली. शिबीच्या दरबारातला ससाणा तेवढा निदान एका घरी पाहुणा झाला.

येथवर जे सांगितले ते लहानसहान प्रमाद आहेत. खरा महाप्रमाद गिधाडांच्या बाबतीत घडला, आणि त्याचे नैतिक स्वरूप इतके विलक्षण आहे की कोणा नाटककाराला ते सुचले नसते.

आमच्या वयोवृद्ध अशिलांना अजून आठवते की गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाश काळे होई आणि दुसऱ्या दिवशी तेथे पांढरी हाडे तेवढी उरत. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभु प्रकाश यांना गिधाडे मान टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. पुढे मोजण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के नाहीशी झाली. हजारांत एक उरले. कारण सापडले ते २००४ साली, शेजारच्या पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांच्या शरीरांत डायक्लोफेनॅक हे औषध शोधून काढले. म्हाताऱ्या, लंगड्या, सुजलेल्या जनावरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून ते टोचीत. जनावर त्यानंतर लौकरच मेले तर औषध मांसात राही, गिधाडाच्या पोटात जाई, आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरांतले एक ढोरदेखील असे औषध अंगात घेऊन मेले तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते, कारण एका ढोरावर गिधाडांचा थवाच्या थवा जेवतो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे विष कोणी द्वेषाने घातले नव्हते. गिधाड मारावे असे कोणाच्या मनात नव्हते. ज्या शेतकऱ्याने बैल कसायाला न विकता गोठ्यात ठेवला, ज्या पांजरापोळाने थकल्या गाईला आसरा दिला, त्यांनी त्या मुक्या जिवाचे दुखणे हलके व्हावे म्हणून सुई टोचली. पृथ्वीवरच्या एका विशाल पक्षिकुळाचा नाश क्रौर्याने झाला नाही, करुणेने झाला.

हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध ठरते काय? फौजदारी कायदा हेतूला फार मान देतो. मनात पाप नसेल तर बहुधा गुन्हा नाही, हे आम्ही न्यायाधीशांपुढे आयुष्यभर सांगत आलो. परंतु त्याच कायद्यात हयगय नावाचा दुसरा दोष आहे. ठाऊक असावयास हवे होते आणि ठाऊक करून घेतले नाही, त्याचे उत्तर माणसाला द्यावे लागते. २००४ पूर्वीचा शेतकरी निर्दोष आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. रसायन आणि पक्षी यांचा संबंध त्याला स्वप्नातही सुचणे शक्य नव्हते. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाला बंदी केली. त्यानंतर मात्र माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली त्या कुप्या तीन मिलिलिटरच्या कराव्या लागल्या. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही त्याच जातीची औषधे जनावरांसाठी बंद झाली ती २०२३ साली. या वर्षांतल्या अज्ञानाला आम्ही अज्ञान म्हणणार नाही. गिधाडाला अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम बाजारात असताना दुसरी कुपी उघडणारा हात ही हयगय आहे, मग तो हात गाईच्या पाठीवरून कितीही मायेने फिरत असो.

आता तराजूकडे वळू. गिधाडे गेली, ढोरे मरावयाची थांबली नाहीत. मढी कुजू लागली, पाणी नासले, भटकी कुत्री त्यांवर पोसली आणि त्यांच्या चाव्यांबरोबर रेबीज आला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे अनुमान काढले आहे की ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती तेथे माणसांचे मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढले, आणि २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. अनुमानाच्या आकड्यात मागेपुढे होईल. दिशा चुकेल असे वाटत नाही. ही माणसे कोण होती हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. उघड्या ओढ्याचे पाणी पिणारी, अनवाणी शाळेत जाणारी, कुत्रे चावल्यावर लशीसाठी तालुक्याला जाण्याचे भाडे नसणारी. राजाने देऊ केलेला बैल तो हाच. ससाण्याने तो घेतला नाही, पण काळाने घेतला.

गिधाडांच्या आधीही मढे कोणाला तरी ओढावे लागत होते, आणि तो कोण हे आपल्या समाजाने जन्मावरून ठरवून टाकले होते. माणसाची पक्ष्याशी तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. गिधाडाला त्याचा आहार निसर्गाने दिला आणि त्यात त्याची अप्रतिष्ठा नाही; माणसावर ते काम माणसांनी लादले आणि वर त्यालाच अपवित्र म्हटले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले, त्याच्या दहा वर्षे आधी याच वडोदऱ्यात, महाराजांच्या नोकरीत असूनही, त्यांना राहावयास घर मिळाले नव्हते. २०१६च्या जुलैत सौराष्ट्रातील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना अमानुष मारहाण झाली, आणि त्यानंतर गुजरातेतल्या अनेक गावी त्या समाजाने ढोरे उचलण्याचे नाकारले. तो नकार आम्हांस सर्वस्वी न्याय्य वाटतो. तेव्हा मात्र प्रतिष्ठितांच्या लक्षात आले की आपल्या गोभक्तीच्या शेवटच्या पायरीवर आजवर दुसराच कोणी उभा होता. एक स्वच्छता करणारा समाजाने पिढ्यान्पिढ्या अपमानित केला, दुसरा औषधाने मारला. दोघांवाचून काय होते ते तेव्हा कोठे नाकाला कळले.

कायद्याने या पक्ष्यांकडे कसे पाहिले, तेही थोडे सांगावे. वायुयान नियम, १९३७ यांतील ९१व्या नियमाने विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात जनावरे कापण्यास, सोलण्यास आणि घाण टाकण्यास मनाई केली, आणि का, तर तिच्यामुळे गिधाडे व इतर पक्षी गोळा होतात म्हणून. गिधाडाचा नावानिशी उल्लेख करणारा असा नियम असावा आणि त्यात त्याची भूमिका केवळ विमानाला आदळणाऱ्या वस्तूची असावी, यात विनोद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने अधिक उदार दृष्टी घेतली. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने पिंजऱ्यात कोंडलेल्या पक्ष्यांच्या प्रकरणात पक्ष्यांना मोकळ्या आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे म्हटले. उलट २०२३ साली जल्लिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राण्यांना राज्यघटनेखाली मूलभूत हक्क असल्याचा पूर्वदाखला नसल्याचे नमूद केले. आमचे स्वतःचे मत असे की येथे हक्काची भाषा फार दूर नेत नाही. होल्याला जगण्याचा हक्क दिला तर शिक्रा दरोडेखोर ठरतो; शिक्र्याला दिला तर होल्याला न्याय मागावयास जागा उरत नाही. त्या दोघांमध्ये न्यायाधीश म्हणून बसण्याचे आपल्याला प्रयोजन नाही. आपल्या पदरची वस्तू त्या पारड्यात कोणती पडली, एवढ्यापुरतेच आपण जबाबदार आहोत.

पतंगाचा दोर ही तशी आपल्या पदरची वस्तू आहे. उत्तरायण म्हणजे गुजरातचा जीव की प्राण, आणि वडोदऱ्याच्या मराठी घरांतही तिळगुळाइतकाच मांजा महत्त्वाचा. ज्या उन्हात पतंग चढतात त्याच उन्हात घारी वर चढतात आणि काच लावलेल्या दोऱ्याने त्यांचे पंख सांध्यापर्यंत कापले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७च्या जुलैत नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. त्याच वर्षापासून गुजरात शासनाचे करुणा अभियान दर जानेवारीत जखमी पक्षी गोळा करून उपचार करते, आणि पक्ष्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळी, सकाळी लौकर व सायंकाळी, पतंग उडवू नयेत असे आवाहन करते. स्वयंसेवकांचे श्रम थोर आहेत. परंतु जखमी घार उचलणे आणि काच न लावणे यांत फरक आहे : पहिल्यात स्वयंसेवकाची रात्र जाते, दुसऱ्यात आपली एक काटाकाटी. शेजाऱ्याचा पतंग कापल्याचा आनंद हे काही मांडीचे मांस नव्हे, तरी तेवढेही पारड्यात घालताना आमच्या परिचयातले सुशिक्षित लोक का कू करतात. दरवर्षी त्या दोऱ्याने दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात, म्हणजे मांस पारड्यात पडतेच. पतंग उडविणाऱ्याचे ते नसते.

वाघोडियाच्या वसाहतीतल्या एका कारखान्याचे व्यवस्थापक गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. फाटकाजवळच्या उंच निलगिरीवर घारीने घरटे केले होते आणि पिले झाल्यापासून ती पहारेकऱ्याच्या डोक्यावर झडप घालीत होती. त्याच्या कपाळावर नखांचा ओरखडा होता. झाड तोडावे की नुसते घरटे काढावे, आणि त्यास परवानगी कोणाची लागेल, एवढाच त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांना कायद्यातील शिकारीची व्याख्या काढून दाखविली : पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे हीसुद्धा शिकारच होय. व्यवस्थापक सुज्ञ होते, त्यांनी लगेच मानले. पिले उडून जाईपर्यंत थांबावयाचे ठरले. मग आम्ही विचारले की तोवर पहारेकऱ्याचे काय? त्यांना या प्रश्नाचे आश्चर्य वाटले. तो सवयीचा आहे, म्हणाले.

कारखान्याने पक्षिप्रेमाखातर झाड राखले, अशी पाटी फाटकावर लागण्याच्या बेतात होती, असे नंतर कानावर आले. पहारेकऱ्याची खुर्ची वीस हात पलीकडे, छपराखाली हलविण्यास मात्र आमचे पत्र जावे लागले, कारण तेथून फाटकावरची नोंदवही दूर पडते आणि मालमोटारींना अर्धा मिनिट अधिक थांबावे लागते. तो अर्धा मिनिट कारखान्याचा होता. फाटक उघडण्यापुरते त्या झाडाखाली जाताना डोक्यावर धरावयास त्याला एक छत्रीही मिळाली. मे महिन्यात पिले उडाली. पुढे एका तारखेला तो आम्हांस न्यायालयाच्या आवारात भेटला, त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या कामासाठी आला होता, तेव्हा सहज बोलताना कळले की त्या छत्रीचे पैसे त्याच्या मार्चच्या पगारातून कापले गेले आहेत. ते त्याला परत मिळण्यासाठी आम्हांस दोनदा लिहावे लागले.